ग्रंथपाल आणि गुरुजी

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मी नकारच दिला. आयुष्याचा मोठा भाग सरकारी फायलींवर टिपणे लिहिण्यात गेला. कला शाखेची पदवी घेतली तेव्हा इतिहास हा विषय होता, एवढीच काय ती माझी शिदोरी. ग्रंथालयशास्त्राचा तर मी विद्यार्थीही नव्हे. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरात एक प्रश्न उपस्थित झाला आणि त्याच्या उत्तरासाठी जुनी पुस्तके चाळताना जे हाती लागले ते आपल्या मंडळातील कुटुंबांच्या उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हे धाडस.

प्रश्न असा. माझी कन्या ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन येथील एका शाळेत ग्रंथपाल म्हणून रुजू झाली. जून महिना होता, शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. पहिल्या दिवशी ती मोठ्या उमेदीने गेली. चौथ्या दिवशी संध्याकाळी परत आली ती तोंड पाडूनच. चहाचा पेला पुढे ठेवला तरी हात लावीना. शेवटी म्हणाली, "बाबा, मी तिथे ग्रंथपाल नाही, कोंडवाड्याची राखणदार आहे. कुणी शिक्षक रजेवर असला की त्याचा वर्ग माझ्याकडे पाठवतात. 'मुलांना गप्प बसवा,' एवढीच सूचना. पुस्तकासाठी एकही शिक्षक दाराशी आलेला नाही. वर्तमानपत्र वाचायला दोघे येतात, तेही घड्याळाकडे पाहत."

दुसऱ्याच दिवशी तिने मुख्याध्यापिकेकडे तक्रार केली. परिणाम विपरीत झाला. ग्रंथालयाचा तास 'ऑफ तास' म्हणून वापरू नये, असे परिपत्रक निघाले, आणि जे शिक्षक केवळ उदासीन होते ते आता रुष्टही झाले. स्टाफरूममध्ये ती गेली की बोलणे थांबू लागले. महिनाअखेरीस तिने मला सांगितले, "मला ही नोकरी नको. मी राजीनामा देते."

आमच्या खात्यात नवा पेच आला की प्रथम पूर्वदाखला शोधतात. मीही तेच केले. तिला म्हटले, "राजीनाम्याचा कागद लिहून ठेव, पण पंधरा दिवस माझ्याकडे राहू दे. या आधी हा प्रसंग कुणावर आला होता का, ते आपण पाहू." त्या शोधातून पुढील कथा उलगडत गेली.

कपाटाची किल्ली

महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, अहमदनगरचे १८३८ चे, तर पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचे पुणे नगर वाचन मंदिर, १८४८ चे. पुढे ठाण्यास १८९३ मध्ये आणि मुंबईस १८९८ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालये उभी राहिली. या संस्थांनी मराठी ग्रंथ जपला, याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोतच.

परंतु या साऱ्या संस्था मुख्यतः प्रौढांसाठी, वर्गणी भरू शकणाऱ्या सुशिक्षितांसाठी होत्या. शाळेतले पुस्तक हा निराळाच प्राणी होता. ते मुख्याध्यापकांच्या खोलीतील काचेच्या कपाटात राही. किल्ली त्यांच्या जानव्याला नाहीतर खिशात. वर्षातून एकदा मोजदाद होई आणि एखादे पुस्तक कमी भरले तर ज्याच्या ताब्यात कपाट, त्याच्या पगारातून वळते होई. अशा व्यवस्थेत पुस्तक कुणास न देणे हेच शहाणपणाचे ठरते. ही किल्ली प्रथम कुणी फिरवली, हा प्रश्न विचारला की उत्तर मराठी भाषक राजाच्या एका संस्थानाकडे घेऊन जाते.

बडोद्याचा प्रयोग

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातला गोपाळ हा मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर आला आणि तिसरे सयाजीराव गायकवाड म्हणून प्रसिद्धी पावला, हे आपण सारे जाणतो. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सर्व संस्थानास लागू केले. त्यानंतर त्यांच्यापुढे एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. चार वर्षे शाळेत जाऊन अक्षरओळख झालेले मूल शाळा सुटताच नांगराला जुंपले जाई, आणि हाती पुस्तक न आल्यामुळे काही वर्षांत शिकलेले सारे विसरे. शाळेवर केलेला खर्च पाण्यात. शाळेच्या मागोमाग ग्रंथालय गेले नाही तर शाळा निष्फळ, हे त्यांनी ओळखले.

अमेरिकेच्या प्रवासात तेथील ग्रंथालये त्यांनी पाहिली होती. १९१० मध्ये न्यू हेवन येथील विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या ग्रंथपालास त्यांनी बडोद्यास पाचारण केले. बोर्डनसाहेब तीन वर्षे राहिले. महाराजांच्या खासगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथांचा पाया घालून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. १९११ मध्ये ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग निघाला, तो हिंदुस्थानातील पहिला. (लाहोरचा वर्ग त्यानंतर, १९१५ मध्ये सुरू झाला.) 'लायब्ररी मिसेलनी' नावाचे नियतकालिक १९१२ पासून निघू लागले, त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी विभागही असत. बोर्डन परतल्यावर काम जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे आले. या चळवळीवर त्यांनी १९१९ मध्ये इंग्रजीत ग्रंथही लिहिला.

योजना साधी होती. गावकऱ्यांनी रक्कम जमवावी, तितकीच स्थानिक पंचायतीने घालावी आणि तितकीच सरकारने. म्हणजे तिघांचा प्रत्येकी एक तृतीयांश वाटा. ज्या गावाला एवढेही झेपत नसे तेथे लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तके जात. मुलांसाठी मध्यवर्ती ग्रंथालयात स्वतंत्र दालन होते. निरक्षरांसाठी जादूचा कंदील आणि चलच्चित्रे घेऊन एक विभाग गावोगाव हिंडे. शिवाय श्री सयाजी साहित्यमाला आणि बालज्ञानमाला यांतून मराठी-गुजराती पुस्तकेही तयार करून घेतली गेली, कारण पेटी पाठवायची तर तीत घालायला मुलांच्या भाषेतले पुस्तक हवे.

मित्रांचे मंडळ

हा सारा वृत्तांत मी कन्येला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "त्यांच्यामागे राजा होता, बाबा. माझ्यामागे फक्त परिपत्रक आहे."

तिचा मुद्दा बिनतोड होता. म्हणून मी आणखी खोलात गेलो, तेव्हा मोतीभाई अमीन हे नाव समोर आले. यांचा जन्म १८७३ चा, आणि यांचा पेशा शिक्षकाचा. पेटलादला ते मुख्याध्यापक होते. बोर्डनसाहेब बडोद्यास येण्याच्या चार वर्षे आधी, १९०६ मध्येच, त्यांनी गावोगाव छोटी वाचनालये काढण्यास आरंभ केला होता आणि त्यांना नाव दिले होते 'मित्र मंडळ'. हुकूम नाही, अनुदान नाही. चार वाचणारे मित्र एकत्र आणायचे, त्यांनी वर्तमानपत्र मागवायचे, नंतर पुस्तके, आणि मग ते वाचनालय गावाचे व्हायचे. पुढे संस्थानाने त्यांनाच ग्रंथालय खात्यात घेतले आणि खेड्यापाड्यांतील ग्रंथालयांचे काम त्यांच्याकडे आले. १९३९ मध्ये ते वारले. गुजरातेत त्यांना आजही ग्रंथालय चळवळीचे जनक मानतात.

इतिहासाचा एक विद्यार्थी म्हणून मला येथे थांबून एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. राजाज्ञेने इमारत उभी राहते, पेट्या सुटतात, पैसा मिळतो. पण पेटी गावात पोचल्यावर ती उघडणारा माणूस हवा, आणि त्या काळच्या खेड्यात असा माणूस बहुधा एकच असे, तो म्हणजे शाळेचा मास्तर. त्याला पेटी म्हणजे सरकारने लादलेले आणखी एक ओझे वाटले असते, तर ती कोपऱ्यात धूळ खात पडली असती. मोतीभाई स्वतः शिक्षक होते. दिवसभर वर्ग सांभाळून दमलेल्या माणसाशी कसे बोलावे हे त्यांना ठाऊक होते. संस्थानाने त्यांना खात्यात घेतले, यातच सयाजीरावांच्या कारभाराची खरी जाण दिसते. हुकमाला मैत्रीची जोड मिळाली, म्हणून बडोद्याचा प्रयोग रुजला.

आठ दिवसांत कंटाळलेला ग्रंथपाल

परंतु कन्येला खरा धीर दिला तो दुसऱ्या एका गृहस्थाने, आणि हे गृहस्थ आपल्या बेंगळुरूचेच म्हणावे लागतील.

शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म १८९२ चा, तंजावर प्रांतातील शियाळी गावचा. गणितात एम. ए. झाल्यावर त्यांनी शिक्षकी पेशाचे शिक्षण घेतले, आणि १९१७ पासून मंगळूर, कोईमतूर आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात गणित शिकवले. जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. आज ज्यांना भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतात त्या रंगनाथनांना ते काम आठ दिवसही सोसवले नाही. विद्यार्थ्यांच्या गजबजाटातून एकदम निर्जन दालनात आल्यावर आपण एकांतवासाची शिक्षा भोगतो आहोत, असे त्यांना वाटू लागले. ते प्रेसिडेन्सीच्या प्राचार्यांकडे गेले आणि 'मला परत वर्गात घ्या' म्हणून विनवू लागले. आधी इंग्लंडला जाऊन या विषयाचे शिक्षण तर घ्या, परत आल्यावरही मन रमले नाही तर पाहू, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले.

लंडनमध्ये क्रॉयडन ग्रंथालयाचे प्रमुख बर्विक सेयर्स यांच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले आणि शंभराहून अधिक ग्रंथालये पाहिली. तेथे ग्रंथालय मुलांना, कामगारांना, गृहिणींना आपलेसे वाटते, हे पाहून त्यांचे मन पालटले. जुलै १९२५ मध्ये परतले ते कायमचे ग्रंथपाल म्हणूनच.

यापुढचा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. ग्रंथालयाच्या साऱ्या व्यवहारामागे काही मूलभूत सूत्रे असली पाहिजेत, असे त्यांना सतत वाटे. पण गणितातल्या गृहीतकासारखे नेमके पहिले सूत्र काही केल्या सापडेना. १९२८ मध्ये त्यांचे गणिताचे जुने गुरुजी, मद्रास ख्रिश्चन महाविद्यालयाचे प्राध्यापक एडवर्ड रॉस, यांच्यापाशी त्यांनी ही अडचण बोलून दाखवली. रॉससाहेबांनी सहज सुचवले की पुस्तके वापरण्यासाठी असतात, एवढेच तुम्हाला म्हणायचे आहे ना? झाले. पहिला सिद्धांत सापडला, आणि त्यामागून उरलेले चार आले: प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी सजीव संस्था आहे हे ओळखावे.

हे पाच सिद्धांत त्यांनी प्रथम जाहीरपणे मांडले ते ग्रंथपालांच्या संमेलनात नव्हे. डिसेंबर १९२८ मध्ये चिदंबरम् येथे दक्षिणेतील शिक्षकांची प्रांतिक परिषद भरली होती, तिथे, शिक्षकांपुढे. ग्रंथरूपाने ते आले १९३१ मध्ये. म्हणजे पहिला सिद्धांत ज्यांनी सुचवला ते शिक्षक, ज्यांनी प्रथम ऐकला ते शिक्षक, आणि ज्यांनी मांडला तेही मूळचे शिक्षकच. ग्रंथपाल आणि गुरुजी ही दोन कुळे निराळी नाहीत, एकाच घरातले हे दोघे भाऊ आहेत, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

पुढे काशी, दिल्ली, झुरिच, उज्जैन असा प्रवास करून रंगनाथन बेंगळुरूत स्थायिक झाले. मल्लेश्वरम् भागात ते राहत. १९६१ मध्ये त्यांनी आपल्या पत्नीच्या नावे ग्रंथालयशास्त्रासाठी शारदा रंगनाथन निधी स्थापन केला. १९६२ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या छत्राखाली प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र त्यांच्या पुढाकाराने येथे सुरू झाले, ते आज म्हैसूर रस्त्यावरील त्या संस्थेच्या आवारात आहे. म्हैसूर राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला तो १९६५ चा. त्याच वर्षी ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी येथेच त्यांचे निधन झाले. शेवटपर्यंत त्यांच्या विचारात शाळा होती. 'स्कूल अँड कॉलेज लायब्ररीज' हा त्यांचा ग्रंथ १९४२ चा, आणि नव्या शिक्षणपद्धतीत शालेय ग्रंथालयाचे स्थान काय, यावरील त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९७३ मध्ये निघाले.

एका रविवारी मी कन्येला घेऊन इंदिरानगरहून मेट्रोने कब्बन पार्कला गेलो. तेथे दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या स्मरणार्थ १९१५ मध्ये बांधलेली तांबडी इमारत आहे आणि तीत सार्वजनिक ग्रंथालय आहे. आत बाकावर बसून मी तिला रंगनाथनांच्या त्या पहिल्या आठवड्याची हकिकत सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, "म्हणजे तेसुद्धा राजीनामा द्यायला निघाले होते तर!" राजीनाम्याचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

दुरावा का आला?

मग जे एकाच घरातले होते ते परके कसे झाले? याचीही कारणे इतिहासात सापडतात.

परदेशातही शाळेत स्वतंत्र, प्रशिक्षित ग्रंथपाल ही कल्पना तशी अलीकडची. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील इरॅस्मस हॉल हायस्कूलमध्ये १९०० साली मेरी किंग्जबरी यांची नेमणूक झाली, ती अमेरिकेतील अशी पहिली नेमणूक मानली जाते. आपल्याकडे हा विषय ऐरणीवर आला तो स्वातंत्र्यानंतर, १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगात. त्याचे अध्यक्ष डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार. मद्रास विद्यापीठात रंगनाथन ग्रंथपाल असतानाच १९४२ मध्ये ते तेथे कुलगुरू झाले होते. या आयोगाने शालेय ग्रंथालयाचे जे वर्णन केले ते आजही अनेक शाळांना लागू पडावे: मुलांची आवड न पाहता निवडलेली जुनीपुराणी पुस्तके, कोंदट खोली, आणि देखरेखीला एखादा कारकून किंवा हे काम गळ्यात पडलेला शिक्षक. ग्रंथपाल पूर्णवेळ, प्रशिक्षित असावा आणि त्याला ज्येष्ठ शिक्षकाच्या तोडीचा दर्जा असावा, असे आयोगाने सुचवले.

सूचना कागदावर राहिल्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६३ पासून उभ्या राहिलेल्या केंद्रीय विद्यालयांत ग्रंथपालाचे पद असते आणि वेळापत्रकात ग्रंथालयाचा तास असतो. माझ्यासारख्या बदलीच्या नोकरीतील माणसांच्या मुलांना याचा लाभ झाला आहे. पण सर्वत्र तसे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची आणि गोष्टींची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. परंतु ते चालवणाऱ्या ग्रंथपालाचा उल्लेख त्या परिशिष्टात नाही. पुस्तके आपोआप मुलांच्या हाती जातात, अशी जणू समजूत!

दुसरे कारण म्हणजे हरवलेल्या पुस्तकाची भीती. येथे मात्र मी थोड्या अधिकाराने बोलू शकतो. आमचे केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम काटेकोरपणाबद्दल प्रसिद्ध (की कुप्रसिद्ध?) आहेत. त्यांतही २०१७ च्या नियमावलीतील २१५ वा नियम सांगतो की वाचकांना दिलेल्या व हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच पुस्तके गहाळ होणे हे वाजवी समजावे, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी. हजार रुपयांहून अधिक किमतीचे वा दुर्मीळ पुस्तक हरवले तरच चौकशी अटळ. वीस हजारांपर्यंत पुस्तके असलेल्या ग्रंथालयात दरवर्षी पूर्ण मोजदाद करावी, असेही त्यात आहे. म्हणजे हिशेब हवाच, पण वापरताना काही पुस्तके झिजणार, हरवणार, हे प्रत्यक्ष सरकारनेही मान्य केले आहे! रंगनाथनांचा पहिला सिद्धांत आमच्या रूक्ष नियमावलीत असा मागच्या दाराने येऊन बसला आहे. हा नियम खासगी शाळेला बंधनकारक नाही. परंतु कन्येने त्याचा कागद शाळेच्या व्यवस्थापनापुढे ठेवला आणि गहाळ पुस्तकांचे पैसे ग्रंथपालाकडून वसूल करण्याची तेथील जुनी रीत बंद झाली. भीती गेली तशी कपाटेही उघडली.

एक टेबल

कपाटे उघडली, तरी शिक्षक कसे यावेत? येथे तिने मोतीभाईंचा मार्ग धरला. परिपत्रक बाजूला ठेवले आणि एक मित्र शोधला.

शाळेत समाजशास्त्राचे एक ज्येष्ठ कन्नड शिक्षक आहेत. निवृत्तीला थोडाच अवकाश. त्यांच्याकडे जाऊन तिने 'सर, आपल्याला कोणती पुस्तके हवीत?' असे विचारले नाही. त्याचे उत्तर 'काही नको' असेच आले असते. तिने विचारले, "सर, पुढच्या आठवड्यात आठवीला कोणता धडा घेणार?" धडा पाण्याच्या साठ्यांचा होता. तिने एका टेबलावर बेंगळुरूच्या तळ्यांविषयी जे मिळेल ते मांडले. जुने नकाशे, वर्तमानपत्रांतील कात्रणे, हलसूर तळ्याची छायाचित्रे, कन्नड आणि इंग्रजी दोन्ही भाषांतली पुस्तके. शेजारी एक पाटी, 'आठवीसाठी, या आठवड्यापुरते.'

सर वर्ग घेऊन आले. दहा मिनिटे दारातच उभे राहिले. मग खुर्ची ओढून बसले आणि मुलांना आपल्या लहानपणचे तळे सांगू लागले. जाताना मात्र कन्येला म्हणाले, "या पुस्तकातला नकाशा चुकीचा आहे. हे काढून टाका." तिने ते पुस्तक त्यांच्यादेखत बाजूला ठेवले आणि त्याऐवजी कोणते घ्यावे, हे त्यांनाच विचारले.

माझ्या मते सारे वळण त्या क्षणी लागले. तोवर ग्रंथालय तिचे होते, त्या क्षणापासून ते सरांचेही झाले. सहकार्य म्हणजे आपण दुसऱ्याला मदत करणे, असा आपला समज असतो. दुसऱ्याला आपली चूक काढण्याचा अधिकार देणे, हा त्याचा अवघड अर्धा भाग होय. स्टाफरूममध्ये जी गोष्ट तिच्या तक्रारीने झाली नाही ती सरांच्या चार शब्दांनी झाली.

आता प्रत्येक सत्राच्या आरंभी ती शिक्षकांकडून वर्षाचे नियोजन मागून घेते आणि कोणत्या महिन्यात कोणता धडा, याचा तक्ता भिंतीवर लावते. नव्या पुस्तकांची यादी स्टाफरूममध्ये पाठवते, आणि ज्या शिक्षकाच्या विषयाचे पुस्तक आले असेल त्याच्या नावापुढे लाल खूण करते, म्हणजे त्याला सारी यादी वाचावी लागू नये. (वाचकाचा वेळ वाचवावा, हा चौथा सिद्धांत!) पुस्तकखरेदीच्या वेळी प्रत्येक विषयाच्या शिक्षकाचे मत घेते. रजेवरच्या शिक्षकाचा वर्ग अजूनही तिच्याकडे येतो. पण त्या शिक्षकाची चिठ्ठी आता बहुधा सोबत असते की अमुक विषयावर मुलांना काही वाचायला द्यावे.

सारे शिक्षक आले असे मात्र नाही. अभ्यासक्रम पुरा करायचा आहे, ग्रंथालयासाठी वेळ कुठला, असे म्हणणारे आहेतच, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. गणिताचे शिक्षक तर अद्याप एकदाही फिरकलेले नाहीत. रंगनाथन गणिताचेच होते, याची आठवण मी तिला अधूनमधून करून देतो.

आपल्या कपाटाविषयी

वाचकहो, आता थोडे आपल्या घरचे बोलू. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत मुलाची शाळेची भाषा इंग्रजी, मैदानावरची कन्नड किंवा हिंदी, आणि मराठी ती फक्त आजीशी फोनवर बोलण्यापुरती, अशी अवस्था पुष्कळ ठिकाणी आहे. मंडळाच्या कपाटातील मराठी पुस्तके आपण प्रेमाने जपली आहेत. पण सक्तीचे शिक्षण घेतलेली बडोद्याची मुले ज्या कारणाने अक्षरे विसरत, त्याच कारणाने आपली नातवंडे मराठी विसरतील. त्यांना शिकवले नाही म्हणून नव्हे, तर हाती पुस्तक गेले नाही म्हणून.

मोतीभाईंचा आणि रंगनाथनांचा धडा आपणासही लागू आहे. मूल कपाटाकडे येईल म्हणून वाट पाहत बसू नये, कपाट मुलाकडे जावे. आपल्या मुलांच्या शाळांत ग्रंथपाल आहेत. त्यांच्याकडे तक्रार किंवा मागणी घेऊन न जाता, दहा चांगली मराठी बालपुस्तके घेऊन जावे आणि विचारावे की यांना आपल्याकडे एक फळी मिळेल का? शाळेत भाषादिन, नदीचा धडा, संतांचा धडा, शिवकालाचा धडा येतो, तेव्हा त्या वर्गशिक्षिकेला एखादे पुस्तक, एखादे चित्र, हवे तर आपल्यातला एखादा सांगणारा माणूसही देऊ करावा. त्या ग्रंथपालालाही कुणीतरी मित्र हवाच असतो, हे मी घरातच पाहिले आहे.

एक छोटी हकिकत सांगून हे लांबलेले टिपण संपवतो. गेल्या गुढीपाडव्याला कन्येने ते समाजशास्त्राचे सर आमच्याकडे जेवायला बोलावले होते. युगादी आणि पाडवा एकाच दिवशी, म्हणून त्यांनी येताना बेवु-बेल्ल, म्हणजे कडुनिंब आणि गूळ, आणला होता. आमच्याकडेही ताटात तेच ठेवलेले होते. जेवण झाल्यावर त्यांनी तिला विचारले, "पुढच्या आठवड्यात नववीला मराठ्यांच्या इतिहासाचा धडा आहे. टेबल लावशील ना, अम्मा?"

राजीनाम्याचा कागद अजून माझ्या कपाटात आहे. त्या कपाटाची किल्ली मात्र मी हरवली आहे, आणि ती शोधण्याचा माझा विचार नाही.